बारा खाटांचा एक पत्ता

इस्पितळात त्यांना सगळे तारमामा म्हणत. गेली सहा-सात वर्षं त्यांचं निम्मं काम बिनतारी झालं होतं, पण म्हणून नाव बदलण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. खिशात पकड, डाव्या मनगटात बांगडीसारखं अडकवलेलं चिकटपट्टीचं भेंडोळं, कानावर पेन्सिल, आणि शिडीवरून पडल्यापासून उजव्या गुडघ्यानं पुकारलेला कायमचा संप. त्यामुळे दर पावलाला त्यांची मान एका बाजूला झुकायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ सगळ्या गोष्टींना होकार देतच येतोय. प्रत्यक्षात पहिल्या फटक्यात त्यांनी 'हो' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. 'बघून सांगतो' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग ते जात, स्वतःच्या डोळ्यांनी बघत, आणि सांगत.

सुरुवात त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढण्यापासून केली. पुढे संगणक आले तशा संगणकाच्या तारा ओढल्या, आणि ते एकमेकांना जोडायचे कसे हे जाडजूड पुस्तकातून, ओळीवर बोट धरून, आपले आपण शिकले. बायको म्हणायची, "शाळेत एवढं वाचलं असतंत तर आज शिडी धरायला माणूस ठेवला असतात." त्यांच्या घरचं वायफाय मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. "अख्ख्या इस्पितळाला पुरवता आणि माझ्या ओट्याशी यायला तुमच्या त्या डबीचे पाय मोडतात का?" असं तिनं विचारलं की तारमामा तत्परतेनं म्हणत, "बघून सांगतो." ते बघणं चौथ्या वर्षात होतं.

दुसऱ्या मजल्यावर नवा वॉर्ड उघडला तेव्हा तिथल्या घंटांचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. बारा खाटा, दोन-दोन खाटांच्या सहा खोल्या, आणि लांबलचक बोळाच्या टोकाला नर्सबाईंचं टेबल. टेबलावर एक फळा. खाटेवरच्या पेशंटनं उशाशी असलेली घंटा दाबली की फळ्यावर त्याच्या नंबराचा दिवा लागायचा आणि पीं पीं वाजायचं. जुन्या वॉर्डात हे सगळं तारांनी जोडलेलं होतं. इथे भिंतींना नवा कोरा रंग होता आणि त्यांना भोक पाडाल तर याद राखा, असा वरून हुकूम. तेव्हा घंटा बिनतारी आल्या. फळा मात्र तारेवरचाच राहिला.

आता या दोघांची सोयरीक जुळवायची तर प्रत्येक घंटेला तारेच्या जाळ्यातला आपापला पत्ता हवा. ते जाळं मुख्य कचेरीतल्या मंडळींच्या ताब्यात. तारमामांनी बारा पत्ते मागितले. कचेरीतून उत्तर आलं, पत्ते संपलेत, एक देता येईल.

"एक?" तारमामा म्हणाले. "एक तर एक."

आणि एका पत्त्यात त्यांनी बारा संसार बसवले. बोळातल्या कपाटात एक डबा ठेवला. त्याची एक बाजू हवेशी बोलायची, दुसरी तारेशी. घंटांना आतल्या आत बारा खासगी पत्ते दिले. घंटेचा निरोप आला की डब्यानं त्यावरचा आतला पत्ता खोडायचा, आपला एकमेव पत्ता घालायचा आणि निरोप फळ्याकडे धाडायचा. याला त्यांच्या धंद्यात 'नॅट' म्हणतात. तारमामा दोन दिवस या डब्याकडे नव्या सायकलीकडे बघावं तसे बघत होते.

त्यांचं हे कौतुक ऐकून घ्यायला एकच माणूस मिळे: मावशी. पेशंटना पाणी देणं, कूस बदलणं, फळ्यावर लक्ष ठेवणं अशी कामं करणाऱ्या सगळ्याच बायकांना इस्पितळात मावशी म्हणत, पण नुसतं 'मावशी' म्हटलं की त्या ह्याच. पंचवीस वर्षं नोकरी, खणखणीत आवाज, आणि जिभेला हाड म्हणून नाही.

"समजा, एक इमारत आहे, मावशी. आत बारा बिऱ्हाडं. पण टपालखात्याला इमारतीचा एकच पत्ता ठाऊक. दारात दरवान. आतल्या कुणाचंही पत्र बाहेर जायचं तर पाठीमागे पत्ता इमारतीचा. कुणाचं कुठलं, ते दरवान वहीत लिहून ठेवतो."

"आणि दरवान पिऊन पडला तर?"

"हा पीत नाही."

"सुरुवातीला आमचे हेही प्यायचे नाहीत," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

पुढे काय झालं ते कळायला तारमामांनी घंटा कशा तपासल्या ते बघायला हवं. दुसरा कुणी असता तर त्यानं टेबलाशी एक माणूस बसवला असता आणि 'लागला का?' असं ओरडून विचारलं असतं. तारमामांचा दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास नाही. त्यांनी एक नंबरची घंटा दाबली, बोळभर लंगडत फळ्यापाशी आले, दिवा बघितला, पुसला, कागदावर खूण केली, पुन्हा लंगडत गेले, दोन नंबरची दाबली. बारा खाटांना सगळी दुपार गेली. अकरा नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. ते म्हणाले, "तुमच्या घंटेचा खटका चांगला आहे हो. टिक् असा स्वच्छ वाजतो." तारमामांना ही पावती बक्षिसासारखी वाटली. बारापैकी बारा दिवे लागले. काम झालं.

तीन आठवड्यांनी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, आजोबा गेले. घशात कफ अडकून श्वास कोंडला. नर्सबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि टेबलाशी मावशी होत्या. तीन दहाला चार नंबरचा दिवा लागला. मावशी उठून चार नंबरकडे गेल्या, त्याला उचलून बसवलं, पाणी पाजलं, ओली चादर बदलली. दहा मिनिटांनी परत आल्या. फळा शांत होता. वीस मिनिटांनी नर्सबाई औषध द्यायला अकरा नंबरकडे गेल्या तेव्हा उशीर झाला होता. आजोबांची मूठ घंटेवर आवळलेली होती.

त्याच खोलीतला बारा नंबरचा पेशंट पडद्याआड होता, दोन्ही पाय प्लास्टरात. तो म्हणाला, "टिकटिक ऐकू येत होती खूप वेळ. मला वाटलं, म्हातारबुवा चाळा करतायत."

म्हणजे घंटा दाबली होती. पण फळ्याच्या नोंदीत त्या वेळी फक्त चार नंबर. अकरा नंबर नाहीच. फळ्याला 'पुसा' असं एक बटण असतं. पेशंटकडे जाऊन आल्यावर दाबलं तर नोंद राहते, पण दिवा लागल्या लागल्या दाबलं तर दिव्याबरोबर नोंदही जाते. सहा वर्षांपूर्वी जुन्या वॉर्डात मावशींनी एकदा न उठता ते दाबलं होतं, चहा गार होत होता म्हणून. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं, पण मावशींना ताकीद मिळाली होती आणि ती कागदावर होती. आजोबांची मुलगी बोळात, सगळ्यांच्या देखत, मावशींना म्हणाली, "माझ्या बापाचा जीव जात होता आणि तुम्ही दिवा पुसलात!" 

अधीक्षक बाईंनी तारमामांना बोलावलं.

"घंटा दाबली, पण निरोप वाटेत हरवला, असं होऊ शकतं का?"

तारमामांनी जन्मभर ज्या प्रश्नाला 'बघून सांगतो' म्हटलं असतं, तो हा प्रश्न. कपाट वीस पावलांवर होतं. डबा प्रत्येक निरोपाची नोंद ठेवतो हे त्यांना माहीत होतं. पण डबा त्यांचा होता, जोडणी त्यांची होती, आणि ती सगळी दुपार त्यांनी आपल्या डोळ्यांनी दिवे बघितले होते. काळजात कुठेतरी अभिमानही दुखावला असावा.

"नाही," ते म्हणाले. "बाराच्या बारा मी स्वतः तपासल्यात. दाबली की पोचणारच."

बाईंनी ते लिहून घेतलं. तारमामांनी सही केली. मावशींना चौकशी पुरी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि चौकशीत आता पुरं व्हायचं फारसं काही उरलं नव्हतं. जिन्यात तारमामा समोर आले तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "मी पुसलं नाही हो, तारमामा." तारमामा चपलांकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांचा मावशींवर विश्वास बसला नाही.

आठ दिवस गेले. एका सकाळी ते नव्या वॉर्डात घंटेची बॅटरी बदलायला आले. टेबलाशी मावशींच्या जागी आलेली नवी बाई होती. तिनं तक्रार केली, "पाच नंबर फार खोटारडा आहे. मी तीन नंबरकडून आले की म्हणतो, कधीची घंटा दाबतोय. फळ्यावर काही नाही!"

तारमामांनी पकड खिशात ठेवली. तीन नंबरला म्हणाले, "दाबा." मग शेजारच्या खोलीच्या दारातून पाच नंबरला म्हणाले, "आता तुम्ही दाबा." टेबलाशी बसलेल्या नव्या बाईला ओरडून विचारलं, "काय लागलं?"

"तीन!"

"पाच?"

"नाही!"

 कारण शोधावं लागलंच नाही. ते त्यांच्याच हातचं होतं. पाच वर्षांपूर्वी जुन्या वॉर्डात एक अस्वस्थ पेशंट घंटा एकसारखी दाबत राहायचा आणि फळा तासन्‌तास पीं पीं करायचा. "डोकं उठलं माझं, याचं काहीतरी करा हो," असं मावशींनीच म्हटलं होतं. तेव्हा तारमामांनी फळ्याला शिकवलं: एका पत्त्यावरून निरोप आला की दोन मिनिटं त्या पत्त्यावरून येणारे बाकीचे निरोप पहिल्याचेच समजायचे आणि टाकून द्यायचे. मधे पुन्हा आला तर दोन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तिथे प्रत्येक घंटेला स्वतःचा पत्ता होता, म्हणून ते शहाणपण ठरलं. तीच शिकवण त्यांनी नव्या वॉर्डाच्या फळ्यालाही दिली होती, पण इथे बाराजणांचा पत्ता एक. कोणती खाट ते निरोपाच्या पोटात लिहिलेलं असे, पण फळा पोट उघडून बघत नसे, तो पाकिटावरचा पत्ता बघून टाकून देई. आणि तपासणीत हे दिसलं नाही, कारण त्या गुडघ्यानिशी खाटेपासून फळ्यापर्यंत आणि परत जायला तारमामांना दर खेपेला दोन मिनिटांच्या वरच लागत होती.

त्यांनी कपाट उघडलं आणि डब्यातली त्या दिवसाची नोंद काढली. तीन दहा, चार नंबर. तीन अकरा, अकरा नंबर. मग अकरा नंबर. मग अकरा नंबर. तीन सतरापर्यंत. त्यांनी बोटानं ओळी मोजल्या. एकतीस. डब्यानं प्रत्येक निरोपाचा पत्ता इमानानं बदलून तो पुढे धाडला होता. आणि आजोबांच्या प्रत्येक दाबण्यानं ती दोन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. जितकं दाबलं तितकं दार बंद राहिलं.

कपाटाच्या दाराला धरून ते बराच वेळ उभे होते. नव्या बाईला वाटलं, गुडघा दुखतोय.

त्यांनी आधी बोळात एक चिठ्ठी लावली: एकाच वेळी दोन घंटा चालत नाहीत, दर पाच मिनिटांनी फेरी मारा. मग घरी गेले, बायकोला सगळं सांगितलं. तिनं शेगडी बंद केली.

"नोकरी जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"मावशींना दोन मुली आहेत ना?"

"तीन."

"मग बसलात काय? पण आधी दोन घास खा. उपाशीपोटी गेलात तर अर्ध्यातच गळून याल."

त्यांनी खाल्लं. काय खाल्लं ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

अधीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, नोंदीचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"हे दुरुस्त होईल?"

"होईल."

"मग शांतपणे करून टाका. तुमच्या सहीचं पत्र फायलीला लागलंय, तारमामा. कशाला उगाच…"

"दुसरं लावा."

"याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? इस्पितळावर येईल."

"माझ्यावर आणा. मीच जोडलंय." तारमामांचा आवाज एरवी इतका चढत नसे. "बाई, त्या बाईनं पुसलं नाही. मी न बघता सांगितलं. तुम्ही कागद घेणार नसाल तर मी तो खाली औषधांच्या खिडकीपाशी चिकटवतो. चिकटपट्टी आहे माझ्याकडे."

बाईंनी कागद घेतला. तारमामांना महिनाअखेर कामावरून कमी करायचं ठरलं. मावशींना परत बोलावणं गेलं. आणि कचेरीत जे पत्ते संपले होते, त्यांतले बाराच्या बारा चाळीस मिनिटांत सापडले.

दोन दिवसांनी आजोबांची मुलगी त्यांचा चष्मा आणि कपडे न्यायला आली. अधीक्षक बाईंनी तिला 'तांत्रिक कारण' एवढंच कळवलं होतं. ती तारमामांना शोधत कपाटापाशी आली.

"तुम्हीच ना ते घंटावाले?"

"हो."

"खरं सांगा. त्यांनी दाबली होती?"

"दाबली होती. निरोप फळ्यापर्यंत पोचलासुद्धा. फळ्यानं टाकून दिला, कारण मी तो तसा लावला होता. मावशींचा काही संबंध नाही. त्यांना काही दिसलंच नाही."

"किती वेळा दाबली?"

तारमामांनी आकडा कमी करून सांगावा असं एक क्षण मनात आणलं. "एकतीस," ते म्हणाले.

तिनं चष्म्याची डबी उघडली, मिटली. तारमामा पुढचं सांगणार होते. सगळंच सांगायचं असं ते ठरवून बसले होते. इतक्यात ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना. कुणी येईपर्यंत दाबत राहायचं, सोडायची नाही. त्यांनी ऐकलं तरी माझं. कधी ऐकायचे नाहीत." आणि इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं.

तारमामांनी तोंड मिटलं.

"त्या मावशी कुठे असतील?" तिनं विचारलं.

"टेबलाशी."

ती गेली. तारमामा कपाटातच तोंड घालून राहिले. बोळाच्या टोकाशी दोघी काय बोलल्या ते त्यांनी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच.

दुपारी ते नव्या पत्त्यांची जोडणी तपासायला उभे राहिले. बारा घंटा, बारा पत्ते. टेबलाशी मावशी. आठवड्याभरात त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मावशी, तुम्ही बसल्या जागी दिवे सांगाल का? मी घंटा दाबतो."

"किती वेळा?"

"प्रत्येक दोन घंटांची जोडी. सहासष्ट होतात."

मावशींनी खुर्ची फळ्यासमोर ओढली. मग तारमामांकडे न बघता म्हणाल्या, "घरी धाकटीनं विचारलं मला. आई, तू खरंच पुसलंस का? चौथ्या दिवशी मलाच वाटायला लागलं, पुसलं असेन. हातून झालं असेल सवयीनं. रात्रंदिवस आठवून बघत होते बोट कुठे होतं."

तारमामा कागदावर जोड्या मांडू लागले.

"आजोबांच्या पोरीला काय काय सांगितलंत?" मावशींनी विचारलं.

तारमामांनी सांगितलं. आणि काय सांगितलं नाही तेही सांगितलं: म्हातारा दोन मिनिटं थांबला असता, तर पुढच्या दाबण्याला दिवा लागला असता.

मावशी फळ्याकडे बघत राहिल्या. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला."

"मग इथेच राहू दे."

तारमामा खोल्यांकडे गेले. अकरा नंबरवर आदल्या दिवशीच नवा पेशंट आला होता. कानावर टोपी ओढलेला, सगळ्याची चौकशी करणारा. "काय बिघडलंय का?" त्यानं विचारलं.

"बघतोय," तारमामा म्हणाले. तीस जोड्या झाल्या, चाळीस झाल्या. दर वेळी बोळातून मावशींचा आवाज येई: "चार, अकरा, दोन्ही लागले." "पाच, अकरा, दोन्ही." बावन्नाव्या जोडीला तारमामा दारातच थांबले.

"मावशी," त्यांनी बोळात हाक दिली. "चुकलं हो माझं. मी तुमच्यावर…"



"ते राहू द्या," मावशी म्हणाल्या. "पुढची दाबा."